बाहेर तोंड केलेला कूलर

त्या उन्हाळ्यात वाघोलीत सोजरबाईंच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक कूलर उलटा चालायचा. उलटा म्हणजे खोलीकडे पाठ करून. आत बाई घामाने निथळत बसलेली, आणि हा पठ्ठ्या सगळी गार हवा बाहेर कावळ्यांना घालतोय! समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन बघायचे. एकाने तर न राहवून हाक मारली, "अहो ताई, तोंड फिरवा त्याचं, उलटा लागलाय!" ताईंनी हात हलवून आभार मानले आणि दार लोटून घेतलं. फुकटचा सल्ला हसून घ्यायचा आणि तिथेच ठेवायचा, हे ती इतक्या वर्षांत पुण्याकडूनच शिकली होती.

ताईंचं नाव दीपमाला वैरागडे. गाव हिंगणघाट, म्हणजे थेट विदर्भ. धंदा मिक्सिंगचा. लग्नात चार कॅमेरे आणि डोक्यावर एक ड्रोन घिरट्या घालतो ना, त्या सगळ्यांचं शूटिंग गोळा करायचं, मामा जांभई देतोय तो तुकडा काढायचा, नवरीची आई डोळे पुसतेय तो ठेवायचा, वर गाणं चढवायचं आणि तीन तासांची फिल्म करून हातात द्यायची, याला मिक्सिंग म्हणतात. नारायण पेठेत सलिल सरांच्या स्टुडिओत तिने कितीतरी वर्षं हेच केलं. इतकी लग्नं पाहिली की स्वतःचं करायची हौस तिथेच फिटली, असं ती हसत हसत सांगायची.

एक हौस मात्र फिटली नव्हती. फिल्मच्या शेवटी कॅमेरावाल्यांची नावं येत, डेकोरेटरचं येई, आचाऱ्याचंसुद्धा येई. हिचं कधी नाही. एकदा धीर करून तिने सरांना विचारलं. सलिल सर वाईट माणूस नव्हे, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याने नंतर घरी जाऊन रक्त पुसावं. ते म्हणाले, "लग्न त्यांचं, स्टुडिओ माझा. तुझं काय असतं त्यात?"

महिनाअखेरीला तिने काम सोडलं. निघताना सर दारापर्यंत आले. "तुझी खुर्ची हलवणार नाही," ते म्हणाले. "एक सीझन करून बघ. जून उजाडला की येशीलच." ती फिरती खुर्ची, पाठीला टेकायला दीपमालाने स्वतः शिवलेली निळी उशी, सगळं डोळ्यांत घेऊन ती जिना उतरली. तेव्हापासून हे वाक्य तिच्या मागे लागलं होतं. जूनमध्ये मान खाली घालून त्या खुर्चीत परत बसायचं, याइतकी दुसरी कशाचीच भीती तिला वाटत नव्हती.

वाघोलीत तिने गच्चीवरची खोली भाड्याने घेतली, आणि पहिलं मोठं काम घरातच मिळालं. घरमालकीण सोजरबाई, मूळच्या वाघोलीच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या नातीचं, तनुजाचं लग्न नुकतंच झालं होतं. "घरात मिक्सिंगवाली असताना बाहेर कशाला जायचं?" एवढ्यावर सौदा झाला. तनुजाच्या सासरी, लोणीकंदला, दोन आठवड्यांनी रविवारी जागरण-गोंधळ होता. तिथे मांडवात पडदा लावून सगळ्या भावकीसमोर फिल्म दाखवायची होती. फिल्म लागली तर पंचक्रोशीत नाव, आणि नाही लागली तर नारायण पेठेची बस. दीपमालाला दोन्ही स्पष्ट दिसत होतं.

आता मिक्सिंगचा शेवटचा टप्पा असतो रेंडर. सगळे तुकडे, रंग, गाणी एकत्र करून कॉम्प्युटर एकच फिल्म तयार करतो. त्या वेळी तो तासन्‌तास जिवाच्या आकांताने राबतो आणि तव्यासारखा तापतो. फार तापला की स्वतःच बंद पडतो, आणि झालेलं सगळं काम पाण्यात. वर स्लॅब, एप्रिलचं ऊन आणि खोलीला एकच खिडकी. एसीचं नाव काढलं तर वायरमन म्हणाला, "ताई, आधी वायर पेटेल, मग एसी लागेल." दीपमालाचा कॉम्प्युटर दोनदा मध्येच बंद पडला. तिने आईला, सुशीलाबाईंना, हिंगणघाटला फोन लावला.

"बाप्पा! एवढ्यासाठी रडून राहिली?" आई म्हणाली. "कूलर लाव न त्याले!"

हिंगणघाटच्या माणसाला ताप आला की गोळी आणि ऊन तापलं की कूलर, तिसरा इलाज माहीत नाही. आईने घरातला जुना पत्र्याचा कूलर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवूनही दिला. दीपमालाने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि कूलर त्याच्या पुढ्यात आणून लावला. पुण्यातला कोणी असं करणार नाही. पण लहानपणी उन्हातून आलं की आधी कूलरपुढे छाती काढून उभं राहायचं, हे जिच्या अंगात मुरलंय तिला त्यात चूक ती काय दिसणार? थोडा वेळ छान गेला. मग कूलरच्या ओल्या गवती ताटीतले बारीक थेंब वाऱ्याबरोबर उडाले, आतून 'फट्‌' असा आवाज आला आणि स्क्रीन काळी पडली. दीपमाला जमिनीवर बसून ढसाढसा रडली.

नगर रोडवर समाधान म्हणून एकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने पेटी उघडून बघितली. "ताई, आंघोळ घातली का याला?" नशीब बलवत्तर, एक सुटा भाग गेला होता, बाकी सगळं आणि तनुजाचं लग्न शाबूत होतं. तो म्हणाला, "पाणीच पाजायचं असेल तर नळीतून पाजा," आणि एक सेकंडहँड सेट काढून दाखवला. तांब्याची काड्यापेटीएवढी डबी. ती कॉम्प्युटरच्या सगळ्यात तापणाऱ्या भागावर घट्ट बसते, तिच्यातून पाणी खेळतं, उष्णता घेतं, आणि पलीकडे पंखा लावलेल्या जाळीत ते पाणी निवतं. दीपमालाने तो सेट घेतला, बसवला, हात जोडले आणि रेंडर लावला. थोडा जास्त टिकला, पण पुन्हा बंद. खोलीच भट्टी झालेली. त्या हवेत पाणी निवणार तरी किती?

ती वैतागून गच्चीवर गेली. त्या 'फट्‌'नंतर तिने कूलर बाहेर काढून ठेवला होता. पंखा बंद, पण पाण्याचा पंप चालूच राहिला होता, आणि गच्चीवर मोकळा वारा होता. तोंडावर पाणी मारावं म्हणून तिने कूलरच्या टाकीत हात घातला. पत्र्याला हात लागला तर चटका बसला. पाणी मात्र गार! आणि तिला एकदम घर आठवलं. हिंगणघाटला फ्रिज येण्याआधी टरबूज कुठे ठेवायचं? कूलरच्या टाकीत! दुपारभर ताट्यांवरून पाणी गळायचं, वाऱ्याने त्यातलं थोडं उडून जायचं आणि जाताना उरलेल्याला गार करून जायचं. संध्याकाळी टरबूज कापलं की दात शिवशिवायचे.

"अवं माय," ती स्वतःशीच म्हणाली. "टरबूज गार होते तर हे काऊन नाही होणार?"

मग काय विचारता! बाई अंगात आल्यासारखी कामाला लागली. पंख्याची जाळी काढून टाकली. गवंडी भिंतीची लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, माशांच्या टाकीत असतो तो छोटा पंप आणला. कूलरच्या टाकीतलं पाणी एका नळीने खिडकीतून आत तांब्याच्या डबीत, आणि तिथून तापलेलं पाणी दुसऱ्या नळीने परत ताट्यांच्या डोक्यावर. ताट्यांचा कचरा नळीत जाऊ नये म्हणून पंपाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. एकदा हात पोळला होता, म्हणून कूलरचं तोंड मात्र बाहेर. त्याच्या हवेतला एक थेंबही आत नको. कॉम्प्युटर बंद ठेवून आधी नळ्यांखाली वर्तमानपत्रं पसरली आणि नुसतंच पाणी खेळवलं. तीन ठिकाणी गळलं. क्लिपा आवळल्या. चौथ्या वेळी कागद कोरडा राहिला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसायचा. पंच्याण्णव झालं की कॉम्प्युटर मान टाकायचा. त्या दिवशी ऐन दुपारी आकडा चढत चढत सहासष्टला आला आणि तिथेच बसला. हलेचना! दीपमालाने घामेजल्या तोंडाने खोलीतल्या खोलीत फुगडीची गिरकी घेतली. स्वतःला वारा घालायला वहीचा पुठ्ठा, आणि कॉम्प्युटरला कूलर. पण इतकी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

शनिवारी सकाळी तिने तनुजाच्या फिल्मचा शेवटचा रेंडर लावला. रविवारी संध्याकाळी, निघायच्या जेमतेम आधी संपणार होता. म्हणजे मध्ये एकदाही थांबायची सोय नव्हती. थांबला तर पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे गोंधळ संपल्यावर.

दुपारी गच्चीवर सोजरबाईंचा आवाज चढला. "दीपे! ह्यो तुझा डबा बंद कर आधी!"

दीपमाला बाहेर आली. गच्चीभर धोतरांवर कुरडया वाळत होत्या. सोजरबाईंनी त्यातली एक उचलून तिच्या नाकासमोर धरली. कुरडई कशी कडकडीत मोडायला हवी. ही लोंबत होती.

"कालपासून ऊन खात्यात, तरी लिबलिबीत! तुझ्या डब्याची सगळी वल ह्यांच्यावर बसतीया. उद्या तनूच्या सासरी डबा जायाचा हाय. वल्या कुरडया पाठवू? विहीणबाई काय म्हणंल?"

"आजी, कूलर बंद केला तर फिल्म बुडते हो."

"बुडू दे की! कुनाची हाय फिलम?"

"तनुजाची."

कुरडया तनूच्याच आणि फिल्मही तनूचीच. कपाळाला हात लावून सोजरबाई म्हणाल्या, "मंग आता गं?"

"तोंड फिरवू. जिन्याकडे."

सांगायला सोपं. टाकी गच्च भरलेली, पत्रा जड, चाकं कधीच मोडलेली, आणि नळ्या बेताच्या लांबीच्या. पण सोजरबाईंनी आयुष्यभर धान्याची पोती हलवलेली. त्यांनी खाली गोणपाट सरकवलं, पदर खोचला आणि कमरेने रेटा दिला. कूलर फिरू लागला. अर्धा फिरला आणि नळी ताणली जाऊन खिडकीपाशी सांध्यातून सटकली. पाण्याची पिचकारी उडाली. दीपमालाने झडप घालून नळी सांध्यावर दाबली आणि अंगठ्याने आवळून धरली, तरी पाणी बोटांमधून वाहत होतं. तिला तिथून हलता येईना, आणि आतली स्क्रीनही दिसेना.

"आजी, खिडकीतून बघा! कोपऱ्यात आकडा आहे, तो वाचा!"

"आठ आन्‌ दोन!"

"ब्याऐंशी. बरं."

"आठ आन्‌ सात! गं बया, नऊ आन्‌ एक!"

दीपमालाच्या डोळ्यांसमोर कुठलीही फिल्म आली नाही, ती खुर्ची आली. निळ्या उशीसकट. "आजी, रेटा!" ती किंचाळली. "माझ्याकडे रेटा, नळी सैल होऊ द्या!"

सोजरबाईंनी "येळकोट येळकोट!" म्हणत असा रेटा दिला की कूलर गोणपाटासकट हातभर सरकला. नळी सैल पडली. दीपमालाने ती आत खुपसली, क्लिप चढवली, ओठ आवळून स्क्रू फिरवला. पिचकारी थांबली. दोघी खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या.

"नऊ आन्‌ तीन," सोजरबाई हळू आवाजात म्हणाल्या. आकडा तसाच राहिला. मग, "नऊ आन्‌ शून्य. आठ आन्‌ चार." आणि शेवटी ओरडून, "सात आन्‌ एक! उतरला गं, उतरला ताप!" त्यांनी दीपमालाच्या ओल्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. दीपमाला हसतही होती आणि रडतही होती.

कुरडया संध्याकाळपर्यंत खुळखुळू लागल्या. सगळ्या जिन्यात गार हवा सुटली आणि सोजरबाईंना दुपारी बसायला वरची पायरी मिळाली. रविवारी लोणीकंदला मांडवात फिल्म लागली. तनुजा निघतानाच्या प्रसंगाला बायाच काय, फेटेवालेही नाक ओढत होते. सगळ्यात शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: मिक्सिंग, दीपमाला वैरागडे, वाघोली. सोजरबाई अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलल्या, "आमच्या गच्चीवरली हाय ती!"

जून उजाडला. एका सकाळी सलिल सरांचा फोन आला.

"जून उजाडला."

"हो, सर."

"आली नाहीस."

"नाही, सर."

बाजीराव रोडच्या हॉर्नवर आवाज चढवून सर म्हणाले, "लोणीकंदच्या लोकांनी धाकट्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग माझ्याकडे दिलंय. अट अशी की मिक्सिंग वाघोलीच्या बाईंकडूनच हवं. इतकी वर्षं धंदा करून आता मला वाघोलीची शिफारस लागते." सरांनी घसा खाकरला. "हार्डडिस्क पाठवतोय. टेम्पोत खुर्चीपण आहे. इथे नुसती जागा अडवून बसली होती. आणि शेवटी नाव टाकायला विसरू नकोस." मग जरा थांबून, "तुझं." तिने काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला होता.

टेम्पोवाला खुर्ची डोक्यावर घेऊन जिना चढला. निळी उशी तशीच होती, कोणीतरी ती धुऊन ठेवलेली दिसत होती. वरच्या पायरीवर गार हवेत सोजरबाई बसलेल्या. त्यांनी वाट देत विचारलं, "कुनाची गं खुर्ची?"

"माझी, आजी," दीपमाला ओढणीने डोळे पुसत म्हणाली.

"मंग रडतीस कशापायी? बस की!"

ती बसली.