मामाच्या बोटांतली सिगारेट

"भाऊ, बाहेर जाऊन ओढा की. माझी छाती जळायली." दोन्ही हात जोडून तो म्हणायचा. आणि आम्ही काय करायचो? त्याच्याच तोंडावर धूर सोडायचो. एकजण तर धुराची वर्तुळं काढून दाखवायचा, आणि सगळं टेबल खदाखदा हसायचं.

भोसरीतल्या त्या परमिट रूममध्ये तुम्ही कधी बसला असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. लातूरकडचा, काटकुळा वेटर. सगळ्यांचा मामा. पहिली शिफ्ट सुटली की आम्ही चारपाचजण थेट तिथे. भिंतीवर धूम्रपान निषेधाची पाटी, पाटीखाली आम्ही, आणि आम्हाला बाहेर काढायचं काम मामाकडे. पण गोडीगुलाबीने हं! गिऱ्हाईक तुटलं तर मालक त्याला फाडून खायचा.

मालक दिसायला मोठा सज्जन. गळ्यात माळ, कपाळाला गंध, स्वतः दारूचा थेंब नाही. आणि त्याची अक्कल बघा. तपासणीचं पथक दारात आलं रे आलं, की मामाने आमच्या पेटत्या सिगारेटी वाटीभर पाण्यात बुडवायच्या, आणि एक स्वतःच्या बोटांत धरून बेसिनपाशी उभं राहायचं. पथकाला ओढणारा सापडला, गिऱ्हाईक वाचलं, हॉटेलही वाचलं. "आमचा वेटरच नालायक हो साहेब," म्हणत मालक कपाळ बडवायचा. आम्हाला हसू आवरत नसे.

"काय मामा, चव कशी होती आज?" आम्ही विचारायचो.

"आपण ओढत न्हाई, भाऊ. बायकोला शब्द दिलाय."

तिचा बाप विड्या ओढून ओढून, रक्त ओकत गेला होता. ओढणारा नवरा नको, ही लग्नात तिची एकच अट.

एकदा पथकातल्या कुणीतरी मामाचा सिगारेटसकट फोटो काढला. तो फिरत फिरत चिखलीला, मामाच्या चाळीतल्या बायकांच्या मोबाइलवर पोचला. बायको भांडली नाही. तिने बोलणंच टाकलं. ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. "कपड्याला वास यायचा तरी आधी विश्वास ठेवायची बघा," मामा सांगायचा. "फोटो बघून एवढंच म्हणली, मला येडी समजायलाव का?"

मग खोकला लागला. छातीचा फोटो बघून डॉक्टरने विचारलं, "किती वर्षं ओढताय?" बायको शेजारीच बसलेली. मामा नाही म्हणाला, तेव्हा डॉक्टर नुसता हसला.

त्यानंतर एका संध्याकाळी मामा धापा टाकत काउंटरपाशी आला. "मालक, दवाखान्याला एक रुपया नको. फक्त तिला सांगा, तुमच्या सांगण्यावरून धरत होतो म्हणून. तुमी माळकरी, तुमचं पटंल तिला."

"सांगतो रे. आधी बरा तर हो," मालक म्हणाला आणि त्याच आठवड्यात त्याच्या जागी दुसरा वेटर ठेवला.

मामा बरा झाला नाही. दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी, आम्ही बसलेलो असताना, त्याची बायको हॉटेलात आली. पगाराचं नाव काढलं नाही. उभ्याउभ्याच मालकाला म्हणाली, "दादा, मरताना बी ते न्हाईच म्हणले. तुमी खोटं बोलणार न्हाई. ओढत होते का?"

पथकाला बनवल्याचं बाहेर आलं असतं तर परवान्यावर गदा आली असती. त्या हरामखोराने चक्क डोळ्यांत पाणी आणलं. "लई समजावलं ताई. ऐकलंच नाही त्याने."

माझं डोकंच फिरलं. ग्लास खाली आपटून मी उठलो. "वहिनी, खोटं बोलतोय हा! मामाने आयुष्यात एक झुरका मारला नाही. आमच्या सिगारेटी होत्या त्या, आमच्या!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सांडलेल्या दारूकडे.

"तुमी पिऊन हाव, भाऊ," ती म्हणाली. रागाने नाही, समजुतीने. मग पदर सावरून ती मालकाच्या पाया पडली आणि गेली.