राणीसावरगावच्या रानात पाच जाळ्या

धाकट्या बहिणीची, प्रज्ञाची मुलाखत सोमवारी होती. पानझडी जंगल आणि हवामान या विषयात पीएच.डी.ची एकच जागा. सोबत स्वतः घेतलेल्या वर्षभराच्या नोंदी न्यायच्या होत्या. फेब्रुवारीची तेवढी राहिली होती. शनिवारी ती म्हणाली, "ताई, चल. वजन करायला दुसरं माणूस लागतं." मी मराठी शिकवते. काटा धरता येतो.

परभणीहून सकाळच्या एसटीने गंगाखेड. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवर पोहे खाऊन घ्या, पुढे काही मिळेलच असं नाही. दुसऱ्या बसने राणीसावरगाव, तिथून डोंगराकडे तासभर पायी. माणशी दोन बाटल्या पाणी आम्हाला कमी पडलं. साग उघडे झाले होते. पायाखाली पाचोळा वाजत होता.

पाच झाडांखाली तिने कमरेच्या उंचीवर जाळ्या बांधल्या आहेत. महिन्याभरात त्यांत पडलेली पानं तोलायची. पाऊस हुकला, ऊन वाढलं की पानगळ कशी बदलते, ते त्यावरून कळतं.

पाचही जाळ्या रिकाम्या होत्या. झाडून घेतल्यासारख्या.

शेळ्यांमागून कौसाबाई आल्या. त्या रोज इथेच चारतात, प्रज्ञाला ओळखतात.

"मीच सांडल्या. वाळला पाला असा टांगून ठेवत्यात व्हय? मागल्या साली पल्याडच्या डोंगराला वणवा लागला. दोन शेळ्या गेल्या माझ्या."

"मावशी, सोमवारी माझी परीक्षा आहे त्याच्यावर."

"पाल्याची परीक्षा? लय शिकलीस बाई."

प्रज्ञा खाली बसली आणि जमिनीवरची पानं गोळा करू लागली. मी पिशवी उघडी धरली. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. पिशवी अर्धी भरली.

कौसाबाई काठीवर हनुवटी टेकून बघत होत्या. "ही समदी जाळीतली न्हाईत, पोरी. मागल्या सालची बी हायत ह्यात. काळी पडलेली बघ की."

प्रज्ञा थांबली. मग तिने पिशवी उलटी केली. वहीत फेब्रुवारीसमोर लिहिलं: वणव्याच्या भीतीने जाळ्या रिकाम्या केल्या. वजन नाही.

परतीच्या बसची वेळ येतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. आमची चुकता चुकता राहिली.

मुलाखतीत तिला त्या एका ओळीबद्दलच जास्त विचारलं. जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याचे बारा महिने पूर्ण होते. प्रज्ञा पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. मार्चपासून तिने नव्याने मोजायला घेतलं.

मी पिशवी उघडी धरली होती, एवढं माझ्याजवळ राहिलं.

काल तिने कौसाबाईंना फोन लावला. मी शेजारी होते.

"भरायल्यात जाळ्या. हात लावला न्हाई. पर धूर दिसला तर आधी सांडीन, मंग तुला फोन करीन."

"तसंच करा, मावशी."

फोन ठेवून तिने वहीत नवा रकाना आखला. वर लिहिलं: धूर.