पुढच्या पंगतीला

ती घटना आठवायला मला आजही निमित्त लागत नाही. पँटच्या उजव्या खिशात किल्ल्या टाकल्या आणि त्या मांडीला लागल्या की पुरतं. मी कुणाचं नाव लिहिणार नाही. ती माणसं अजून त्याच गावांत राहतात आणि मलाही अधूनमधून त्या रस्त्याने जावं लागतं.

कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. आमच्याकडे कागद कन्नडमध्ये, तक्रार मराठीत आणि दमदाटी दखनीत चालायची. एका सकाळी हजेरी आटोपली, ड्यूट्या वाटून झाल्या आणि बसस्टँडसमोरचा टेलर आत आला. आमच्या शिपायांच्या वर्द्या तोच उसवायचा आणि शिवायचा. पोलिसांची पोटं दर वर्षी कुठवर आली याची खरी नोंद त्याच्याकडे असायची, म्हणून ठाण्यात त्याला कुणी अडवत नसे. त्या दिवशी मात्र तो सगळे बाहेर जाईपर्यंत थांबला.

त्याने सांगितलं ते असं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, आता थोडी शेती करणारा एक साठीचा माणूस त्याचं जुनं गिऱ्हाईक. जन्मभर धोतर आणि रुमाल. टेलरने त्याला फक्त सदरे शिवले होते. तो माणूस आठ दिवसांपूर्वी पँट शिवायला आला. टेलरने चेष्टा केली, तर म्हणाला, लग्नाला जायचंय. उजवा खिसा वीतभर खोल हवा आणि आतून गादीचं जाड कापड दुहेरी लावायचं. डावा खिसा नसला तरी चालेल. पँट घालून बघायला आला तेव्हा त्याने घरच्या दाराचं कुलूप आणलं होतं. ते खिशात टाकून तो आरशासमोर चार वेळा चालला आणि खिसा लोंबतो का ते खाली मान घालून बघत राहिला. टेलरने विचारलं, अप्पा, यात ठेवायचंय तरी काय? तो म्हणाला, चष्मा.

"साहेब," टेलर मला म्हणाला, "अप्पाला चष्मा न्हाई."

पँट आदल्या दिवशीच नेली होती. मी त्या माणसाचं नाव विचारलं, आणि ऐकल्यावर समोरचा चहा मला घ्यावासा वाटला नाही.

त्याची एकुलती लेक दोन वर्षांपूर्वी सासरी विहिरीत पडून मेली होती. ते गाव माझ्याच हद्दीत. सासरचे म्हणाले, पाणी शेंदताना तोल गेला. शवविच्छेदनात बुडून मृत्यू आला. बाप ठाण्यात येऊन सांगत होता की पोर तशी पडणारी नव्हती, पण पुरावा विचारला की गप्प बसायचा. त्या महिन्यात माझ्या टेबलावर निवडणुकीचा बंदोबस्त होता. मी पंचनामा शिपायाच्या हातचा घेतला, पाच-सहा जबाब वाचले आणि तपास बंद करण्याचा अहवाल, ज्याला आमच्याकडे बी रिपोर्ट म्हणतात, सही करून कोर्टात धाडला. बापाला नोटीस गेली ती कन्नडमध्ये. त्याने अंगठा उठवला आणि यात काय लिहिलंय म्हणून विचारलं, तेव्हा शिपायाने सांगितलं, "काम संपलं." हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आमचे जमादार निवृत्तीला टेकलेले. हद्दीतलं प्रत्येक कुत्रं त्यांना ओळखायचं. टेलर गेल्यावर त्यांनी एकच नाव घेतलं. गावठी हत्यारांच्या यादीत असलेला एक लॉरी ड्रायव्हर, नुकताच जामिनावर सुटलेला. दुपारपर्यंत तो बाकावर येऊन बसला. मी त्याला काही विचारलं नाही. टेबलावर एक जुनं कुलूप ठेवलं आणि माझं टपाल बघत बसलो. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले, पण समोरच्याला बोलायची घाई होऊ दिली की अर्धं काम तोच करतो. तासाभराने ड्रायव्हरने कुलूप कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं की एका म्हाताऱ्याने या वजनाची वस्तू ठेवायला खिसा शिवून घेतलाय, आणि ती वस्तू चालली की खुनाच्या कागदात तुझं नाव दुसऱ्या ओळीत येईल.

तो फुटला. तळहातात मावेल असं रिव्हॉल्व्हर त्याने दोन मेंढ्यांच्या बदल्यात दिलं होतं. म्हातारा म्हणाला होता, रानडुकरं तूर ठेवीनात. गोळ्या पाच देऊ केल्या, पण त्याने दोनच घेतल्या. पँटचा सल्लाही ड्रायव्हरचाच. धोतराच्या गाठीत ते टिकत नाही, घसरतं, असं त्याने शहाणपणाने सांगितलं होतं.

दोन गोळ्या. पहिली जावयाला हे उघड होतं. दुसरी त्याने स्वतःसाठी ठेवली असणार असा मी अंदाज बांधला, कारण असे बाप तसंच करतात. लग्न कुणाचं आणि कधी हे शोधायचं मला सुचलं नाही, आणि रात्री दारात जीप गेली तर म्हातारा बिथरेल म्हणून मी सकाळवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. बायको अंगणात होती. म्हातारा दोन दिवसांपासून घरी नव्हता. कुठे गेला म्हटल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "लग्नाला गेलेत. जावयाच्या." जावयाचं दुसरं लग्न त्याच दिवशी, दुपारी साडेबाराचं होतं. मला हे ठाऊक नव्हतं याचीच मला लाज वाटली. आत बाजेवर धुतलेलं धोतर आणि रुमाल नीट घडी करून ठेवलं होतं. ते बघत ती म्हणाली, "परत घालायचं असतं तर त्यांनी असं ठेवलं नसतं, साहेब."

ठाण्यात परतलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि लग्नाचं गाव खजुरीच्या पुढे. नवऱ्या मुलाच्या घरी फोन लावले, पण बँड वाजत असताना फोन कोण उचलतो? वर्दीत जीप घेऊन गेलो तर आम्हाला बघताच तो गोळी झाडणार. मांडवात आरडाओरड केली तर लोक त्यालाच ठेचणार. म्हणून मी साधा शर्ट आणि पँट चढवली, जमादारांनी धोतर नेसलं आणि एका शिपायाच्या मेहुण्याची गाडी घेऊन आम्ही निघालो. शर्टाखाली होल्स्टर दिसतं, म्हणून ठाण्यातलं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर मी पँटच्या उजव्या खिशात टाकलं. वाटेत मी ते तीनदा चाचपलं. जमादार म्हणाले, साहेब, हात काढा, दिसायलंय.

पोचलो तेव्हा अक्षता पडल्या होत्या आणि पहिली पंगत बसत होती. मांडवात चारशे-पाचशे माणसं. म्हाताऱ्याला मी कितीदा तरी पाहिलं होतं, पण मला आठवत होता तो रुमाल, ते धोतर आणि खांद्यावरचं घोंगडं. ते काढून टाकलं तर खाली चेहरा कसा होता हेच मला सांगता येईना. पँट घातलेली माणसं तर मांडवभर होती. नवरा-नवरी मधल्या ओळीत पाटावर बसली होती. नवरीच्या हाताला हळद ताजी होती, आणि ती खाली बघून हसत होती. मला त्या मुलीकडे बघवेना.

पत्रावळी पडल्या, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर आली, वर तुपाची धार पडली. आमच्याकडे लग्नात पाहुण्याला उभं ठेवणं घरच्यांना अपमान वाटतो. नवऱ्याचा चुलता माझ्याकडे दोनदा आला. "अण्णा, बसा की. कामून उभे राहिलाव?" मला बसायचंच होतं, निदान लपायला तरी. पण मांडी घालायला गुडघा वाकवला आणि खिशातलं लोखंड जांघेत रुतलं, पँट ताणून त्याचा पुरा आकार वर आला. मी तसाच सरळ झालो आणि म्हणालो, पुढच्या पंगतीला बसतो.

चुलता पुढे गेला. पाण्याच्या पिंपाजवळ त्याने आणखी एकाला धरलं. तो माणूस काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. पुढच्या पंगतीला. बोडकं डोकं, नवीन गर्द पँट, उजवा हात मांडीवर सपाट ठेवलेला. मी खाली बघितलं, तर माझाही उजवा हात तसाच मांडीवर होता.

वाढपी, घरची माणसं आणि माझ्यामागे आलेले जमादार सोडले तर त्या मांडवात आम्ही दोघंच उभे होतो, दुसऱ्या पंगतीचे लोक बाहेर सावलीला बसले होते. त्यानेही हे त्याच क्षणी ओळखलं. आमच्या मध्ये बायका, पोरं आणि वाढपी. त्याच्यापासून नवरा मुलगा पंधरा पावलांवर, मी तीस. मी हत्यार काढलं असतं तर गोळी कुणाला लागली असती हे मी सांगू शकत नव्हतो. 

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. पंगत बसून दहा मिनिटं झाली होती, नवरा मुलगा समोर होता, तरी म्हाताऱ्याने हात खिशात घातला नव्हता. तो थांबला होता. कशासाठी, ते माझ्या आजीने मला लहानपणीच शिकवलं होतं. पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, वाईट बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तो जावयाचं जेवण होण्याची वाट बघत होता.

मी जमादारांच्या उपरण्याआड माझं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. ते नको म्हणत होते. मी ओळींमधून वाट काढत पिंपापर्यंत गेलो. त्याच्या पायापाशी दोन पत्रावळी रिकाम्या होत्या. एकीवर मी मांडी घालून बसलो आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला.

"अप्पा, बसा."

तो हळू म्हणाला, "मला मांडी घालता येत न्हाई, साहेब."

"व्हय. मलाही आत्तापर्यंत येत नव्हती," मी म्हणालो. "माझं मी काढून देऊन आलो."

वाढप्याने माझ्या पानात हुग्गी वाढली. मी काय बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो. जे तोंडातून निघालं ते एवढंच, की तुमच्या लेकीचा कागद मी नीट न बघता बंद केला, माझं चुकलं, आणि तो मी परत उघडतो. दोन वर्षांत हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"पानावर बसून बोलायलाव?" त्याने विचारलं.

"पानावर बसून बोलायलोय."

समोर कुणीतरी नवरीला नाव घ्यायला लावत होतं आणि लोक हसत होते. मग तो वळला आणि मांडवामागच्या गोठ्याकडे चालू लागला. जमादार त्याच्या मागे गेले. मी पान तसंच टाकून उठलो, आयुष्यात पहिल्यांदाच. गोठ्यात तो भिंतीला टेकून उभा होता. खिसा एवढा खोल की मुठीत धरलेलं ते लोखंड बाहेरच येईना. शेवटी जमादारांनी वैरणीच्या विळ्याने शिवण उसवली. दोन्ही गोळ्या भरलेल्या होत्या. मांडवात कुणाला काही कळलं नाही. दुसरी पंगत वेळेवर बसली.

ठाण्यात जबाब घेताना मी त्याला खुर्ची दिली, पण तो खाली फरशीवर बसला, मांडी घालून. बायकोने त्याचं धोतर पाठवलं होतं. सगळं सरळ सांगत गेला. शेवटी मी मघापासून मनात असलेलं विचारलं, दुसरी गोळी कुणासाठी होती?

तो म्हणाला, "सही करणाऱ्यासाठी."

लिहून घेणाऱ्या शिपायाचं पेन थांबलं. मी त्याला म्हणालो, लिही.

"मग मी समोर बसलो तेव्हा का नाही?" मी विचारलं.

"तुम्ही पानावर बसलाव की," तो म्हणाला. जणू हे विचारायची गरजच नव्हती.

शस्त्र कायद्याखाली त्याच्यावर खटला चालला आणि त्याने शिक्षा भोगली. मी साक्षीत जे घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. वरिष्ठांना ते आवडलं नाही. कोर्टाची परवानगी घेऊन मी लेकीचा तपास पुन्हा हाती घेतला आणि पहिल्यांदा ती विहीर बघायला गेलो. कठडा माझ्या छातीला लागत होता. माझ्यापेक्षा हातभर बुटकी मुलगी त्यावरून तोल जाऊन पडते, असं मी ठाण्यातल्या खुर्चीत बसून मान्य केलं होतं. शेजारच्या दोन बायका दोन वर्षं कुणी विचारतंय का याची वाट बघत होत्या. जावयावर आरोपपत्र गेलं. निकाल अजून लागलेला नाही. हळदीच्या हाताची ती नवरी माहेरी परत आली आणि आता मंठाळकडे अंगणवाडीत काम करते. ती जिवंत आहे एवढं मला पुरेसं आहे.

या प्रकरणाने काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात तेव्हा त्यांना खिशाच्या आकाराबद्दल, हाताच्या सवयीबद्दल ऐकायचं असतं. तेही मी सांगतो, ते उपयोगाचं आहे. पण मला खरं शिकवलं ते त्या कठड्याने. मी त्या दिवशी एका नवऱ्या मुलाला वाचवायला चाललोय या समजुतीने गाडीत बसलो होतो, आणि ज्याच्यासाठी गोळी भरली होती तो दुसरा माणूस वाटभर स्वतःचाच खिसा चाचपत होता.

आता लग्नाला गेलो की मी खिशातल्या किल्ल्यासुद्धा बायकोकडे देतो, आणि कुणी बसा म्हणायच्या आधी पहिल्या पंगतीला बसतो.