एका वायरवरचे दोन भाऊ

द्राक्षांची पेटी उघडली की त्या गार पुठ्ठ्याच्या वासासरशी मला नाशिकजवळचं दोन भावांचं कोल्ड स्टोरेज आठवतं. दोघांची एकेक खोली. गारवा सांभाळणारे दोन्ही कंट्रोलर मी एकाच वायरवरून तापमान दाखवणाऱ्या स्क्रीनला जोडून थोरल्यांच्या कंट्रोलरला एक आणि धाकट्यांच्या कंट्रोलरला दोन नंबर दिला होता. दुसऱ्या दिवशी माल भरलेला आणि स्क्रीनवर दोन्ही खोल्या गायब. पाहतो तर दोन्हींचा नंबर एक. "मीच त्याच्या कंट्रोलरवरची नंबराची बटणं सरकवली," थोरले म्हणाले. "धाकटा हाय म्हणून त्याला दोन नंबर, हे बरं नाय दिसत." मी म्हटलं, "दादा, नंबर एकच असला की दोघं एकदम बोलतात, मग कुणाचंच ऐकू येत नाही." ते म्हणाले, "मग त्याचा एक राहू द्या. माझा दोन करा." परवा गेलो होतो, थोरल्यांची खोली स्क्रीनवर अजून दोन नंबरलाच आहे, आणि धाकटे आल्यागेल्याला आधी तीच उघडून दाखवतात.