ड्रायव्हरमागची रिकामी जागा

रंगनाथ गेला तेव्हा मी पुण्याला धाकट्या लेकीकडं होतो, डोळ्याचं ऑपरेशन करून, हिरवी पट्टी लावून बसलेला. फोन आला तो आमच्या आगारातल्या एका जुन्या मेकॅनिकचा. "मास्तर, तुमचा डायवर गेला की," एवढंच बोलला. अंघोळीला म्हणून उठला आणि मोरीच्या दारात बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी मला प्रवासाची मनाई केली होती. राख सावडली, दहावा झाला, तेरावा झाला, आणि मी तिकडं डोळ्यांत थेंब घालत पडून... खरं सांगायचं तर मनाई होती हे बरंच वाटलं. मांजरसुंब्याला त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर, कौसल्यावहिनींसमोर बसायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

रंगनाथ ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, बीड–शिरूर कासार गाडीवर. कंडक्टरला मास्तर म्हणायची आमच्याकडं रीत, तसा मी त्याचा मास्तर. माणूस कमी बोलायचा. घरची भाकर फडक्यात बांधून इंजिनाच्या झाकणावर ठेवायचा, शिरूर येईपर्यंत ती चुलीवरून काढल्यासारखी गरम व्हायची. अर्धी न मागता माझ्या हातात यायची. मी दिवसभर बडबड करायचो आणि तो आरशात बघून हसायचा. त्या वेळच्या गाड्यांना दार मागं असायचं. कोण चढलं, कोण उतरलं, ड्रायव्हरला काही दिसायचं नाही. कंडक्टरनं दोरी ओढून एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. सगळा भरवसा दोरीवर, म्हणजे दोरी धरणाऱ्यावर.

नोकरीला लागून मला सहा महिने झाले असतील. शिरूरच्या अलीकडं एका फाट्यावर गर्दी उतरत होती, मी तिकिटांच्या नादात होतो. उतरले सगळे, असं वाटून मी दोन घंट्या दिल्या. एक बाई अजून पायरीवर होती. तिचा पाय मागच्या चाकाखाली गेला. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी एकच घंटी दिली होती." नोकरी कच्ची, पदरात दोन पोरी, ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली. रंगनाथ शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि साहेबांना म्हणाला, "मला भास झाला असंल, सायब." सहा महिने तो निलंबित होऊन घरी बसला. पुन्हा कामावर आला तो माझ्याच गाडीवर, आणि पहिल्याच दिवशी त्यानं अर्धी भाकर पुढं केली. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बरोबर होतो. या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही. मीही नाही.

ती बाई शकू, कौसल्यावहिनींच्या माहेरची, लहानपणापासूनची मैत्रीण. एका पायानं तिची ऊसतोड संपली. वहिनी नवऱ्याला घरात कधी उलटून बोलल्या नाहीत, पण त्याच्या गाडीत मात्र पुन्हा बसल्या नाहीत. माहेरी जायचं तर जीपनं जात. रंगनाथ निवृत्त झाला तोवर हेच.

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईच्या एका प्राध्यापकांचा फोन आला. या गृहस्थांना जुन्या गाड्यांचं वेड. भंगारात निघालेल्या दोन गाड्या त्यांनी विकत घेतल्या, पत्रा, रंग, इंजिन सगळं मूळच्यासारखं करून घेतलं, आणि हौशी मंडळींना घेऊन एक दिवस आमच्याच जुन्या मार्गावर फिरवायचं ठरवलं. मागचं दार, दोरीची घंटी, सगळं तसंच. पुढची गाडी मांजरसुंब्यापासून रंगनाथनं चालवायची आणि कंडक्टर मी. मी खाकी शिवून घेतली. या वयात नवरदेवासारखा नटलो होतो.

सकाळी गाडी त्याच्या घरासमोर उभी राहिली. रंगनाथनं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर आपला टॉवेल टाकून जागा धरली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, तिला जरा सांगून बघ. माझं न्हाई ऐकत. तुझं ऐकंल." मी गेलो. वहिनी आत चुलीपाशी होत्या. मी उंबऱ्यातूनच, मान खाली घालून म्हणालो, "चला की वहिनी, रंगनाथ वाट बघतोय." त्या म्हणाल्या, "शकू त्या गाडीखाली गेली, भाऊजी. मी कशी बसू?" त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. अवघं एक. ते ओठापर्यंत आलं आणि मी गिळलं. चारचौघांत, नव्या खाकीत, आजच कशाला... बाहेर येऊन मी रंगनाथला सांगितलं, त्यांचं डोकं दुखतंय. "बरं," म्हणाला तो. टॉवेल काही उचलला नाही.

दिवस तसा छान गेला, असं त्या हौशी मंडळींनी नंतर लिहिलं म्हणे. मला आठवतात ती दारांची कुलपं. ऊसतोडीचे दिवस, गावं रिकामी, पारावर म्हातारी माणसं आणि शेरडं. एका आजोबानं रस्त्यात हात केला, तर रंगनाथनं सवयीनं गाडी थांबवली. आजोबा चढले आणि कनवटीला हात घालून मला म्हणाले, "शिरूर द्या एक." सगळे हसले. आजोबा पुढं येऊन टॉवेलाच्या जागी बसायला लागले, तेव्हा रंगनाथ मागं न बघता म्हणाला, "तिथं न्हाई बाबा, माणूस हाय तिथं."

मग तो फाटा आला. उतरणारं कुणी नव्हतं, तरी त्यानं गाडी थांबवली. मी दोरी ओढली, दोन घंट्या दिल्या. गाडी हलली नाही. रंगनाथनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागच्या चाकाकडं पाहिलं, मग मान वळवून मागच्या दाराकडं पाहिलं, कितीतरी वेळ. मग आरशात माझ्याकडं बघून विचारलं, "सोडू का, मास्तर?" मी म्हणालो, "सोड." उमापुरावरून फिरून दिवस मावळता आम्ही परत आलो. उतरताना टॉवेल झटकून खांद्यावर टाकत तो म्हणाला, "फुडल्या साली तिला घिऊन जाऊ." ती आमची शेवटची भेट.

परवा गेलो. डोळा बरा झाला होता, आता सबब उरली नव्हती. वहिनींनी पाणी दिलं, चहा ठेवला. मी चहाची वाट पाहिली नाही, सांगून टाकलं. घंट्या मी दिल्या होत्या, दोन, आणि चौकशीत खोटं बोललो. रंगनाथचा काही दोष नव्हता. वहिनींनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या. विचारलं, "त्यांला ठावं व्हतं?"

"त्यानंच तर ऐकल्या होत्या, वहिनी."

त्या पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. मला वाटलं होतं शिव्या देतील, घराबाहेर काढतील. तसं झालं असतं तर सोसायला सोपं गेलं असतं.

"त्या दिशी सकाळी कावून न्हाई सांगितलं?" त्या म्हणाल्या. "मी ठेवणीतलं लुगडं नेसून बसले व्हते, भाऊजी. म्हनलं, तुमी काईतरी बोलताल अन् मी उठंन... तुमच्या ध्येनात न्हाई आलं?"

नाही आलं. त्या सकाळी मी वहिनींकडं पाहिलंच नव्हतं.