दहापैकी दहा

आमच्या घरात गेली दोन वर्षं सगळे दोन गोष्टी धरून चालतात : माझे कान तयार आहेत आणि माझ्या मेहुण्यांचे गेले. पहिली गोष्ट खोटी आहे. दुसरी खरी की खोटी हे मला आजही नक्की सांगता येत नाही, पण ती पसरली माझ्यामुळे. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. कन्नडला राहतात आणि तरुणपणापासून बाजाच्या पेट्या दुरुस्त करतात. भजनी मंडळांच्या, गायन पार्ट्यांच्या, शाळेच्या पेट्या त्यांच्या ओसरीवर रांगेनं ठेवलेल्या असायच्या. पेटीत प्रत्येक सुराची पितळेची पट्टी असते. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. किती घासायचं हे ते फक्त कानानं ठरवत, यंत्र कधी वापरलं नाही. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. माझ्या कानांबद्दल त्यांचं मत लग्नानंतरच्या पहिल्याच भजनात ठरलं होतं. "दाजी, टाळ नुसते हातात धरा," ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. "दिसायला बरं दिसतंय." लोक हसले, मीही हसलो. टाळ मात्र त्यानंतर मी कधी धरले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मुलानं माझ्यासाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणले आणि त्या हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा काळा डबा. गाणं लॅपटॉपवर लावायचं, पण हेडफोन लॅपटॉपला न जोडता त्या डब्याला जोडायचे. त्यानं आवाज सुधारतो म्हणे.

"बाबा, फरक कळतोय ना?" त्यानं विचारलं.

"कळतोय म्हणजे काय! एकदम मोकळा झालाय आवाज."

खरंच कळत होता का? तेव्हा वाटलं की कळतोय. पण मुलगा इतक्या आशेनं माझ्या तोंडाकडं बघत होता की दुसरं काही म्हणणं जमलंही नसतं.

त्याच आठवड्यात मेहुणे एका लग्नासाठी शहरात आले आणि गारखेड्याला आमच्या घरी उतरले. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि काढून ठेवले.

"तसाच हाय. जरा मोठा हाय, बास."

"मामा, मोठा नाही, स्वच्छ आहे," मुलगा म्हणाला.

"मोठा आवाज कुणालाबी गोड लागतो. दोन्हीकडचा सारखा करा, मंग बोला."

तिथून परीक्षा ठरली. मुलानं मोबाइलवर मोजून दोन्हीकडचा आवाज सारखा केला. डाव्या हाताला लॅपटॉप, उजव्या हाताला टीपॉयवर डबा. माझ्या खुर्चीमागं स्टुलावर सून बसली. ती दर वेळी पिन काढणार, मनाला येईल तिथं घालणार, आणि मी "डबा" किंवा "लॅपटॉप" असं सांगायचं. कूलरचा आवाज नको म्हणून कूलर बंद. माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

दोनदा मी सांगितलं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की पिन डब्यात असली की हेडफोनची वायर माझ्या उजव्या दंडाला टेकते. लॅपटॉपमध्ये असली की मांडीवर सैल पडते. घामानं दंड ओला होता, त्यामुळं वायरचा स्पर्श नीट कळत होता. तेव्हाच टॉवेल काढून हे सांगायला हवं होतं. मी "डबा" म्हणालो आणि पुढच्या खेपेची वाट बघत बसलो.

"दहापैकी दहा!" सून ओरडली.

मग मेहुण्यांची पाळी. ते खुर्चीत बसत नाहीत. सतरंजीवर मांडी घालून बसले. वायर वरून सरळ खाली आली, दोन्हीकडून सारखीच. त्यांचे पाच बरोबर आले.

"मामा, नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते," मुलगा म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

मेहुण्यांनी टॉवेल सोडून मांडीवर घेतला. "दाजीला कळतंय, अन् मला नाय?" हे त्यांनी कुणाला विचारलं ते समजलं नाही. जेवताना त्यांनी आमरस वाटीत तसाच ठेवला. मी आमरस दुसऱ्यांदा घेतला.

दोन महिन्यांनी वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. मेहुण्यांनी सगळ्या पेट्या परत पाठवल्या होत्या. आलेल्या माणसाला म्हणायचे, दुसरीकडं न्या, माझ्या कानाचा भरवसा राहिला नाय. बायकोनं हे मला सांगितलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. "वय झालं आता त्यांचं," मी म्हणालो. त्या दहा उत्तरांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त टोचतं. मी त्यांच्याहून फक्त तीन वर्षांनी लहान आहे.

त्यानंतर मी एकट्यानं पुष्कळदा ऐकून पाहिलं. वाटायचं, फरक खरंच कळत असला तर मी खोटा नाही, वायर लागली नसती तरी दहाच आले असते. काही दिवस फरक स्वच्छ कळायचा. तबल्याची थाप सुटी, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. काही दिवस काहीच नाही. शेवटी मागच्या महिन्यात मुलाला सगळं सांगितलं. त्यानं वायर खुर्चीच्या पाठीला घट्ट बांधली आणि पुन्हा परीक्षा घेतली. सहा आले.

"सहा म्हणजे काय?" मी विचारलं.

"सहा म्हणजे काहीच नाही, बाबा."

मला ते पटलं नाही. पाच आले असते तर सुटलो असतो. मग त्यानं मित्राकडून दुसरे, जास्त जड हेडफोन आणले. ते लॅपटॉपला लावले तर आवाज पूर्ण वाढवूनही बारीकच राहिला. डब्याला लावल्यावर भरून आला. त्या हेडफोनना जास्त जोर लागतो, असं तो म्हणाला. म्हणजे डब्यानं फरक पडतो. आणि माझ्या हेडफोनना पडत नाही, किंवा दहात एकदा पडतो. मी जेवढा विचार करतो तेवढा गोंधळ वाढतो.

गेल्या आठवड्यात एसटीनं कन्नडला गेलो. ओसरीवर एकच पेटी होती, कोपऱ्यात, वर गोणपाट टाकलेलं. चहा यायच्या आधीच मी बोललो.

"त्या दिवशी मी कानानं नाही सांगितलं. वायर दंडाला लागत होती."

"कोणती वायर?"

मी हातानं दाखवलं. ते माझ्या दंडाकडं बघत राहिले.

"धाच्या धा वायरीवरून?"

"तिसऱ्या वेळेपासून. पहिली दोन कशावरून सांगितली ते आठवत नाही. कदाचित ऐकूही आली असतील."

"अजून बी दोन मागं ठिवलेच का, दाजी?"

वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. "मी दोन साल हेच सांगते, कान बरे हायेत. मी चुलीपाशी पुटपुटलेलं बरुबर ऐकू येतं यांना."

मेहुणे हसले नाहीत. "फरक नसंल तर पाचच येणार. तवाच कळाया पायजे होतं मला. पण तुमचे धा आले ना."

"मग कान ठीक आहेत तुमचे?"

"काय म्हाईत? दोन वर्सं पेटी उघडली नाय."

ते उठले आणि गोणपाट काढलं. ती पेटी एका गायन पार्टीची होती. तिचा मालक ती परत न्यायला तयारच नव्हता; होईल तेव्हा करा, म्हणाला होता. त्यांनी दोन सूर एकदम दाबले. "डोलतंय, जुळलं नाय म्हून. ऐकू येतं?" मला एकच आवाज येत होता. त्यांनी पट्टी काढून हलकेच घासली, बसवली, पुन्हा दाबली. पुन्हा काढली. असं चार-पाच वेळा झालं. मग दोन्ही सूर दाबून धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"लागला का?"

वा, एकदम लागला, हे शब्द ओठांवर आले होते. आयुष्यभर त्यांच्यासमोर मी हेच म्हणत आलो.

"मला नाही कळत," मी म्हणालो.

"हां. आता खरं बोलला." त्यांनी पेटी माझ्याकडं सरकवली. "या इकडं, भाता मारा. त्याला कान लागत नाय."

शेवटची एसटी येईपर्यंत मी भाता मारला. सूर लागला की नाही, मला माहीत नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी पार्टीवाला पेटी वाजवून बघणार आहे. तो काय म्हणतो ते मला फोन करून सांगा, असं वहिनींना सांगून आलो आहे.