काकू सांगेल ते कबूल

"साहेब, साक्षीपुरावा ऱ्हाऊ द्या. मन्ही काकू पद्मालयना गनपतीना उंबरावर हात ठेईसन जे सांगी, ते माले कबूल शे. विहीर बठ्ठी त्यासनी शे असं ती बोली, तं मी आठेथीन उठी घर चालना जासू."

उखर्डू हे बोलला आणि एरंडोलच्या कोर्टात पंखा ओढणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. उखर्डूच्या वकिलांनी मागून त्याचं उपरणं खेचलं.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ती समोरच्या पार्टीची आई आहे!"

"व्हई ना. पन काकू मन्ही शे."

समोरच्या बाकावर सुकदेव बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू मावेना. एकोणीसशे बत्तीस सालचा फाल्गुन होता, दीड वर्ष दावा चालला होता, आणि प्रतिपक्षाने आपण होऊन विहीर त्याच्या ओंजळीत टाकली होती.

दावा विहिरीचाच होता. अंजनी नदीकाठच्या आमच्या गावात लोटन आणि अभिमन या दोघा भावांची शेतं एका बांधाला लागून होती आणि बांधावर ही विहीर. भाऊ होते तोवर एका अंगाने याची मोट चालायची, दुसऱ्या अंगाने त्याची. दोघे गेले आणि मागे मुलं राहिली. धाकट्या अभिमनचा सुकदेव चार यत्ता इंग्रजी शिकलेला. तो जळगावला जाऊन ऑइल इंजिन बघून आला, तेव्हापासून त्याच्या कानात तेच फटफटत होतं. इंजिन बसवायचं तर विहीर सगळी हवी, निम्मी नव्हे. मग तो म्हणू लागला, संवत छप्पनच्या दुष्काळात ही विहीर माझ्या बापाने एकट्याने खणली. थोरल्या लोटनचा उखर्डू म्हणाला, वा रे वा, खणली माझ्या बापाने, तुझा बाप काठावर बसून तंबाखू मळत होता! कागद कोणापाशीच नव्हता. बत्तीस वर्षांमागचा तो दुष्काळ पाहिलेलं, त्या घरातलं जिवंत माणूस एकच उरलं होतं. सुकदेवची आई, भिकुबाई.

जज्जसाहेबांनी तिला बोलावलं. ती बाहेर लिंबाखाली बसली होती. पदर सारखा करून आत आली.

"बाई, पुतण्या दावा तुमच्या शपथेवर सोडतोय. देवापुढे शपथ घेऊन सांगाल?"

"सांगसू ना, साहेब. पन मन्हा तोंडथीन निंघनं ते निंघनं. मंग कोनी 'पुन्हा इचार कर' असं सांगानं नई."

हे सांगताना तिने उखर्डूकडे पाहिलं नाही. सुकदेवकडे पाहिलं.

उखर्डू तिच्या जिभेला पुरा ओळखत होता. त्याच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापाने विचारलं होतं, पोरगा कसा शे? सगळे गोड बोलत होते. भिकुबाई म्हणाली, "गुनी शे. कष्टायू शे. पन घोरस असा, की गोठाम्हातला बैल उठी उभा ऱ्हातस." सोयरीक जुळली ती त्याच वाक्यावर. मुलीचा बाप म्हणाला, जी बाई घोरणंसुद्धा लपवत नाही, तिच्या घरात दुसरं काय लपवलेलं असणार!

पण एक गोष्ट तिने लपवली होती. म्हणजे खोटं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलंच नव्हतं. विहीर अभिमनने खणली नव्हती आणि लोटननेही नाही. दहा हातांवर खडक लागला तेव्हा दोघा भावांनी कुदळी टाकल्या आणि सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला निघून गेले. मागे राहिल्या दोघी जावा. थोरली तानुबाई, धाकटी भिकुबाई. खाली उतरून पुढचा खडक त्या दोघींनी फोडला. आठ महिन्यांनी पुरुष परतले तेव्हा विहिरीत कमरेइतकं पाणी होतं. चावडीवर गाव म्हणालं, "वा अभिमनभाऊ, वा लोटनभाऊ, पानी काढं तुम्हीन!" आणि दोघे भाऊ गप्प बसले. त्या गप्प बसण्याची पुढे कीर्ती झाली. लोक सुकदेवला लहानपणी हाक मारायचे तीसुद्धा "पानीवाला अभिमनना पोऱ्या" अशी, आणि पोऱ्या छाती काढून चालायचा.

तानुबाई पुढे तापाच्या साथीत गेली. सांगणारी एकटी भिकुबाई उरली आणि तिला कोणी विचारलं की ती म्हणायची, "पानी देवनी दिधं."

हे ती बुवांकडून शिकली होती. चातुर्मासात मारुतीच्या देवळात पुराण लागायचं. ही खांबाआड वाती वळत ऐकायची. एकदा बुवा म्हणाले, खरं बोलावं, गोड बोलावं. खरं असून कडू असेल तर आवरावं. आणि गोड असून खोटं असेल तर ते मुळीच बोलू नये. बायकांत खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "मंग ऱ्हायनं काय? भाकरी वाढा नि गप बसा!" भिकुबाईही हसली. पण तिने त्यातलं मधलं वाक्य उचललं आणि घरी आणलं. नवऱ्याचं नाव मोडेल असं कडू खरं तिने बत्तीस वर्षं आवरून धरलं. शेवटचं वाक्य तिच्या वाट्याला येईल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

शपथेच्या आदल्या दिवशी सकाळी ती अंगणात तूर पाखडत होती. सुकदेव समोर उकिडवा बसला.

"माय, काही जास्तीनं बोलानं नई. दोनच शब्द. 'अभिमननी खंदी.' बस."

"माले शिकाडस तू?"

"शिकाडस नई वं. तू साधी शे. वकील आडंतिडं इचारतीन. दख, इंजन बसनं का दोन एकर केळ उभी ऱ्हाई. आनि बापनं नाव ऱ्हाई ते येगळंच."

सूप थांबलं.

"सुकदेव, तुले काय मोठं? केळ का बापनं नाव?"

"नाव!" तो ताडकन म्हणाला. "केळ मी कोठे बी लावसू. पन त्या उखर्डूनी कोर्टम्हान काय सांगं, आयकं ना तू? मन्हा बाप तंबाखू मळे म्हने! ते माले सहन नई व्हत."

त्याला केळीचाच लोभ असता तर भिकुबाईचं काम सोपं होतं. ती सूप घेऊन पुन्हा पाखडू लागली, पण तूर सुपाबाहेर उडत होती.

पद्मालयाच्या डोंगरावर दुसऱ्या दिवशी दोन गाड्या चढल्या. वाटेत पळस फुललेले होते. जबाब घ्यायला कोर्टाने नेमलेले कमिशनर, म्हणजे एक तरुण वकील, तट्टावर बसून पुढे गेले होते. तळ्यावर अंघोळ करून, ओल्या केसांनी भिकुबाई गाभाऱ्यासमोर आली. इथे एकाच ओट्यावर दोन गणपती बसलेले, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. तिने दोघांना दूर्वा वाहिल्या, उंबऱ्यावर हात ठेवला आणि कमिशनरने सांगितलेले शब्द एकेक करून म्हटले. खोटं बोलले तर देव पाहून घेईल, वगैरे. कमिशनरने मांडीवर फळी घेतली, टाक दौतीत बुडवला.

"बांधावरची विहीर कोणी खणली?"

"दहा हात गडीमानूससनी. तठेथीन खाले, पानी लागेपावत, दोन जनसनी."

"दोन जणांनी." कमिशनर लिहू लागले. "अभिमन आणि लोटन..."

"आस्ते लिखा, साहेब. नावे मी अजून सांगेल नई."

टाक थांबला. सुकदेवच्या वकिलांनी घसा खाकरला.

"सांगा मग."

"पहिलं नाव लिखा, तानुबाई."

उखर्डू खांबाला टेकून उभा होता. तो सरळ झाला. "कोन? मन्ही माय?"

"मधे बोलू नका," कमिशनर म्हणाले. "आणि दुसरं नाव?"

"दुसरी तुमन्या समोर उभी शे."

"माय!" सुकदेव ओरडला. गाभाऱ्यात तो आवाज घुमला आणि पुजाऱ्याने आतून डोकं बाहेर काढलं.

त्याचे वकील पुढे सरसावले. "साहेब, बाई घाबरली आहे. तिला काय बोलावं कळत नाही..."

"वकीलसाहेब," भिकुबाई म्हणाली, "घाबरेल बाई सत्तावीस हात खोल उतरस का?"

कमिशनरने मिशीत हसू दाबलं. पण माणूस कामाचा पक्का होता. "बाई, बायकांनी खडक फोडला, यावर कोर्टाने विश्वास कसा ठेवायचा? काही खूण?"

"शे ना. विहीरम्हान उतरा. कडाले पाय ठेवाना खाचा शेतस. दहा हात पावत दीड-दीड हातवर. त्याना खाले एक-एक हातवर. गडीमानूसनी टांग लांब पडस, म्हनीसन बठ्ठा गडी गाळ काढाले उतरतस तवय शिव्या देतस, 'कोन्या येडानी इतल्या जवय खाचा करात रे!'" तिने हातभर अंतर दाखवलं. "साहेब, लुगडं नेसेल बाईना पाय इतलाच पडस."

कमिशनरने ते अंतर लिहून घेतलं. मग उखर्डू म्हणाला, "खरं शे. त्या शिव्या मी बी दियेल शेत." त्याने दोन्ही कान धरले. "मन्ही मायले शिव्या दिधात मी."

"तुले काय माहीत व्हतं, बेटा," भिकुबाई म्हणाली. "मन्ही अक्का, तुन्ही माय, आयकती तं हासती."

आणि मग ती थांबली नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून खडक कसा तापवायचा, निवला की घण कसा घालायचा, एकीने पहार धरायची तेव्हा दुसरीने तोंडाने कसं मोजायचं, सगळं तिने हातवारे करून दाखवलं. एकविसाव्या हाताला तानुबाईच्या अंगठ्यावर घण बसला. फडकं बांधून ती पुन्हा पहार धरायला बसली आणि म्हणाली, "आते नीट मार, नई तं दुसरा अंगठा तुले रांधाले देसू." कमिशनरचा टाक मागे पडू लागला. वकील ऐकत होते. पुजारी तर बाहेरच येऊन बसला.

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?" कमिशनरने विचारलं. हा प्रश्न बहुधा कोर्टाचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता.

"मन्हा मालक खडीवरथीन उनात, तवय त्यासना उजवा हातना तीन बोटे चेंदायेल व्हतात. आनि मनम्हान शरम, का आपीन तठे खाधं, आठे बाया उपाशी ऱ्हायन्यात. अशा मानूसले गावनी 'वा' म्हनं. मी काब्र हिसकावू ती 'वा'? खरं व्हतं, पन कडू व्हतं. आवरी धरं." तिने पदराने तोंड पुसलं. "पन आते दोन भाऊ त्या गप बसाना पायी कोर्टम्हान भांडतस. आज बी मी गप बसनू, म्हंजे ते खोटंच बोलनं. तेवढं माले जमाव नई."

जबाब वाचून दाखवला गेला. तिने अंगठा उठवला. उखर्डूने खाली वाकून तो शाईचा अंगठाच कपाळाला लावला आणि त्याच्या भुवयांमध्ये काळा टिळा उमटला. पुजारी हसला, पण कोणी उखर्डूला तो पुसायला सांगितलं नाही.

निकाल निम्म्या-निम्म्याचा लागणार हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. पुढे तसाच लागला.

सुकदेव परतताना गाडीत बसला नाही. बैलांच्या पुढे चालत राहिला. पाठ ताठ, मान खाली. भिकुबाईने हाक मारली नाही. पोराचा बाप तिने त्याच्यासमोर लहान केला होता आणि ती जखम कोणती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? डोंगर उतरून सपाटीची वाट लागली तेव्हा तो थांबला. गाडी बरोबरीला येऊ दिली. चाकाबरोबर चालू लागला.

"माय."

"काय रे?"

"मी कोठे व्हतू तवय?"

"काठवर. बाभूयले झोळी बांधेल व्हती, तीम्हान."

वाटेतला एक दगड त्याने पायाने बाजूला सारला.

"रडे का मी?"

"घणना आवाज चालू शे तवपावत नई रडे. आवाज थांबना का भोंगा सुरू. अक्का म्हने, तुन्हा मुकादम उठना वं, चाल, हात चालाड!"

सुकदेव हसला नाही. गाडीच्या दांडीवर हात टाकून चढला आणि आईच्या शेजारी बसला. तिचा उजवा हात त्याने हातात घेतला, तळवा वर केला, आणि इतकी वर्षं ज्या हातची भाकरी खाल्ली त्या हाताकडे तो पहिल्यांदाच पाहावं तसा पाहत राहिला.

गावात शिरताना दिवस अजून वर होता. चावडीच्या पारावर माणसं वाटच पाहत होती. उखर्डूची गाडी मागे होती, ही पुढे. कोणीतरी ओरडलं, "काय रे सुकदेव! कोन जिंकनं? विहीर कोनी खंदेल शे? तुन्हा बापनी का उखर्डूना बापनी?"

भिकुबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सुकदेव गाडीत उभा राहिला. जू हलत होतं, तरी उभा राहिला, आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल असा म्हणाला:

"मन्ही मायनी खंदेल शे!"